फ्रँकफर्ट ते फ्रायबुर्ग रेल्वेने: मॅनहाइमला नऊ मिनिटांत गाडी बदलून होईल का?

पाचोरेकर बाई:

नमस्कार मंडळी. मी पाचोऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मोठी लेक जर्मनीत फ्रायबुर्गला असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिची तारीख आहे, म्हणून आम्ही दोघं जूनमध्ये निघतोय. विमान फ्रँकफर्टला उतरतं. तिथून पुढे रेल्वे. जावयांची तेव्हा रात्रपाळी आहे आणि लेकीला नवव्या महिन्यात इतक्या लांब बोलवायचं नाही असं आम्हीच ठरवलं. म्हणजे विमानतळापासून घरापर्यंत आमचं आम्हालाच जायचंय.

गर्दी मला नवी नाही. एकोणीस वर्षं पाचोरा-जळगाव अपडाऊन केलं, पास काढून. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वह्यांचं बोचकं. म्हसावदला चढणाऱ्या बायकांना "जरा सरका गं" म्हणत तिघींच्या बाकावर पाचवी बसवली आहे. शिरसोलीच्या अलीकडे गाडी उभी राहिली की आम्ही तिथेच पेपर तपासायला काढायचो. पण ते आपलं गाव होतं, आपली भाषा होती आणि मी चाळिशीत होते.

आता घरच्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय. जिना हळूहळू चढतात, पण पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. दिवसातून दोनदा इन्सुलिन आहे. जर्मन आम्हाला येत नाही, इंग्रजी मला कामापुरतं येतं. सोबत चार मोठ्या बॅगा. खारीक, डिंक, शेवया, बिबडे, कळण्याचं पीठ, आणि बाळासाठी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी.

जावयांनी सर्वांत स्वस्त तिकीट बघून ठेवलंय. विमान उतरल्यावर दीड तासाने गाडी, मग मॅनहाइमला नऊ मिनिटांत बदलून दुसरी. लेक मात्र फोनवर म्हणाली, "आई, इथे गाड्या खूप उशिरा येतात आणि माणसं दारात उभी असतात." मला खरंच वाटेना. जर्मनी म्हटलं की घड्याळाच्या काट्यावर चालणारा देश असंच आम्ही वर्गात शिकवत आलो.

नऊ मिनिटांत यांना आणि चार बॅगांना घेऊन मी फलाट बदलू शकेन का? गाडी चुकली तर तिकीट वाया जातं का, दंड होतो का? जागा मिळाली नाही तर कुणाला सांगायचं? ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा.


तापीकाठ:

काकू, मी नंदुरबारचा. कार्ल्सरुहला दोन वर्षं शिकायला होतो, तुमच्याच मार्गावर.

नऊ मिनिटांचं तिकीट घेऊ नका. मॅनहाइमला बऱ्याचदा दोन्ही गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात, तेव्हा तीन मिनिटंही पुरतात. पण पहिलीच गाडी बारा मिनिटं उशिरा आली तर तुम्ही काय करणार? फ्रँकफर्ट विमानतळाहून फ्रायबुर्गला थेट आयसीई, म्हणजे तिकडच्या वेगवान गाड्यासुद्धा आहेत, स्वित्झर्लंडच्या बाझलकडे जाणाऱ्या. साधारण दोन तास लागतात. त्यातली एखादी धरा.

जावयांना सांगून फोनवर डीबी नेव्हिगेटर हे जर्मन रेल्वेचं ॲप घ्या आणि त्यात तुमच्या गाडीच्या सूचना चालू करा. फलाट बदलला, गाडी रद्द झाली, सगळं इंग्रजीत येतं. कोणत्या गाडीला किती गर्दी आहे तेही माणसांच्या लहान चित्रांनी दाखवतात. चार शब्द वहीत लिहून ठेवा. ग्लाइस म्हणजे फलाट. फेअरश्पेटुंग म्हणजे उशीर. फेल्ट आउस म्हणजे रद्द. आनश्लुस म्हणजे पुढची जोडगाडी. घोषणेत हे चार ओळखू आले की बाकीचं कुणालाही विचारता येतं. तरुण मुलं इंग्रजी बोलतात आणि मदत करतात.


भुसावळ जंक्शन:

ताई, नमस्कार. मी भुसावळला कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होतो. आयुष्य गाड्या पुढे काढण्यात गेलं. मुलगा जर्मनीत आहे, त्यामुळे २०२३ आणि २०२५ असे दोन उन्हाळे तिकडे काढले. तुम्ही सांगता तोच मार्ग मी सहा वेळा केला, दोनदा अडकलो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उशिराचं. लेक सांगते ते खरं आहे. २०२४ मध्ये तिकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि "वेळेवर" म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रद्द झालेल्या गाड्या त्या हिशेबात येतच नाहीत. म्हणजे साधारण तीनातली एक गाडी उशिरा, हे धरूनच घरातून निघायचं.

असं का होतं हे मला तिथे फलाटावर उभं राहून दहा मिनिटांत कळलं, कारण ते अगदी आपल्यासारखंच आहे. कंट्रोलमध्ये प्रत्येक गाडीची चार्टावर एक तिरकी रेघ असते, तिला आम्ही पाथ म्हणतो. गाडी त्या रेघेवर आहे तोवर तिला सगळं मोकळं मिळतं. दहा मिनिटं मागे पडली की पुढची रेघ दुसऱ्या कुणाची असते. मग तिला कुणाच्या तरी मागे रखडावं लागतं आणि दहाचे पंचवीस होतात. आपल्याकडे मनमाडकडून येणारी, खंडव्याकडून येणारी, बडनेऱ्याकडून येणारी आणि त्यात दीपनगरचा कोळसा, असं सगळं भुसावळच्या तोंडाशी एकत्र येतं. तिकडे मॅनहाइम तसंच आहे. फ्रँकफर्टची, कोलोनची, स्टुटगार्टची आणि बाझलची, सगळ्या गाड्या तिथे एकमेकींची वाट बघतात.

पुढे कार्ल्सरुह ते बाझल हा ऱ्हाइनच्या काठाचा रस्ता तर माझ्या फार आवडीचा. रोटरडॅमच्या बंदरातून जिनोआकडे जाणारी मालवाहतूक त्याच रुळांवरून जाते. तीनशेच्या आसपास वेगाने धावू शकणारी आयसीई, प्रत्येक गावाला थांबणारी लोकल आणि कंटेनरची लांबलचक मालगाडी, तिघींना बऱ्याच ठिकाणी दोनच लाइन. चौपदरीकरणाचं काम कित्येक वर्षं चालू आहे. त्याच कामात १२ ऑगस्ट २०१७ रोजी रास्टाटजवळ बोगदा खणताना वरचा चालू रूळ खचला आणि हा रस्ता २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. अर्ध्या युरोपची मालवाहतूक खोळंबली होती. जळगाव-भुसावळच्या तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना चालू रुळाशेजारी खणणं म्हणजे काय ते सांगायला नको.

हे एवढं लिहिलं ते एका कारणासाठी. गाडीला उशीर झाला की आपल्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं, आपण चुकीच्या फलाटावर आहोत, आपलं तिकीट खोटं आहे. मग तो सामान घेऊन धावत सुटतो. ताई, धावायचं नाही. घरच्यांना तर अजिबात धावू द्यायचं नाही. गाडी चुकणं हे वेळापत्रकातच धरून ठेवा आणि तिकीट तशा बेताने काढा.

आता तिकीट. यात एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते आणि तुमच्या जावयांच्याही लक्षात आलेली नाही असं वाटतं. स्वस्त तिकीट, म्हणजे श्पारप्राइस आणि त्याहून स्वस्त झूपर श्पारप्राइस, हे ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. आता बघा. पहिली रेल्वे उशिरा आल्याने दुसरी चुकली तर ते बंधन सुटतं. तिकीट एकच असलं की पुढची कुठलीही गाडी घेता येते, दंड नाही, जादा पैसे नाहीत. इतकंच काय, शेवटच्या स्थानकावर वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं तरी दुसरी गाडी धरायला मोकळीक असते. पण तुमचं विमान उशिरा आलं, इमिग्रेशनला रांग लागली, बॅग पट्ट्यावर आली नाही आणि त्यामुळे पहिलीच गाडी चुकली, तर तो दोष रेल्वेकडे धरला जात नाही. स्वस्त तिकीट तिथे बुडतं. दीड तास फार कमी आहे. आम्हाला २०२३ मध्ये विमानातून बाहेर पडून बॅगा हातात येईपर्यंत एक तास पन्नास मिनिटं लागली होती.

तेव्हा तीन मार्ग. विमान कंपनीकडे रेल-अँड-फ्लाय, म्हणजे विमानाच्या तिकिटाला जोडलेलं रेल्वे तिकीट मिळतं का विचारा, ते त्या दिवशीच्या गाड्यांना चालतं. नाहीतर फ्लेक्सप्राइस काढा, महाग आहे पण त्या दिवशी कुठल्याही गाडीत बसा. नाहीतर स्वस्तच घ्या पण विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान साडेतीन तासांनी सुटणारी थेट गाडी धरा आणि मधला वेळ विमानतळावर बसून जेवा. तुमच्या जागी मी तिसरा मार्ग धरला असता. यांचं इन्सुलिन आणि जेवण शांतपणे होईल.

आणि जागा राखून ठेवा. तिकडे तिकीट म्हणजे जागा नव्हे, हे आपल्याला पटकन समजत नाही. तिकीट असून उभं राहावं लागतं, जनरलच्या डब्यासारखं. आरक्षण वेगळं, २०२५ मध्ये दुसऱ्या वर्गाला माणशी साडेपाच युरो होतं. गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत जागेवर बसला नाहीत तर हक्क जातो, म्हणून चुकीच्या डब्यात चढलात तर लगेच आतून चालत जा.

डब्याचंही सांगतो. फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि फलकावर तुमचा डबा कोणत्या अक्षरापाशी येईल ते दाखवतात. थांबा दोन-चार मिनिटांचा, जळगावसारखाच. कधीकधी गाडी उलटी लागते, पहिला डबा शेवटी येतो. घोषणेत "उमगेकेअर्ट" असा शब्द ऐकू आला आणि सगळे लोक एकदम चालू लागले तर तेच झालंय असं समजा. तुम्ही मात्र समोर येईल त्या दारातून चढा. बॅगा आणि यांना आत घ्या, मग डबा शोधा.


केळीचं रान:

मी रावेरचा, कामानिमित्त वर्षातून तीन-चार वेळा जर्मनीत असतो. वरचं सगळं वाचून घाबरून जाऊ नका. मी कधीच आरक्षण करत नाही आणि बहुतेक वेळा जागा मिळते. सीटच्या वर दोन स्थानकांची नावं लिहिलेली असली तर तेवढ्या टप्प्यात ती राखीव, बाकी टप्प्यात खुशाल बसा. साडेपाच युरो म्हणजे आपले पाचशेच्या वर रुपये. दोघांचे हजार. उगाच कशाला?


भुसावळ जंक्शन:

दादा, तुम्ही एकटे, पाठीला एक पिशवी, मंगळवारी सकाळी प्रवास करणारे. तुमचं बरोबर आहे. ताईंच्या घरच्यांचे गुडघे नवे आहेत. शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी संध्याकाळी, किंवा आधीची गाडी रद्द झाली असेल तेव्हा, काय होतं ते मी पाहिलंय. दोन गाड्यांची माणसं एका गाडीत आली होती. दाराजवळच्या जागेत अकरा जण, सायकली, एक बाबागाडी. गाडी अर्धा तास सोडलीच नाही. फार गर्दी झाली की सुरक्षेसाठी काही लोकांना उतरायला सांगतात आणि पुरेसे उतरेपर्यंत सिग्नल मिळाला तरी गाडी हलत नाही. त्या दिवशी माझ्या पत्नीला जागा होती ती केवळ आरक्षणामुळे. हजार रुपये मी पुन्हा आनंदाने देईन.


धुळेकर:

जर्मनीचा अनुभव नाही, पण बॅगांबद्दल लिहावंसं वाटलं. आम्ही जपानला ऐन ओबोनच्या सुट्ट्यांत गेलो होतो, ऑगस्टच्या मध्यात. सगळा देश गावी निघालेला, आपल्या दिवाळीसारखा. गाड्या वेळेवर, पण पाय ठेवायला जागा नाही. तोक्यो-ओसाका शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर तिच्यासाठी शेवटच्या रांगेमागची जागा आधीच राखावी लागते. राखायला पैसे नाहीत, न राखता नेली तर १,००० येन. आम्ही मग मोठ्या बॅगा हॉटेलातूनच कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवल्या आणि पाठीवरच्या पिशव्या घेऊन फिरलो. तेव्हा कळलं, गर्दीचा अर्धा त्रास माणसांचा नसतो, आपल्याच सामानाचा असतो.

काकू, चार मोठ्या बॅगांच्या दोन करा. खारीक आणि डिंक तिकडच्या भारतीय दुकानात मिळेल. बिबडे आणि गोधडी मात्र न्याच.


पाचोरेकर बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जावयांशी बोलले. साडेतीन तासांनी सुटणारी थेट गाडी घेतली, दोघांच्या जागा राखल्या. चारच्या तीन बॅगा केल्या, दोनवर यायला मन धजेना.

भुसावळकर भाऊ, अजून दोन शंका. थेट गाडीच मध्ये कुठे अडकली तर? आणि यांना चढवायला-उतरवायला कुणाची मदत मिळते का? तिथे हमाल दिसत नाहीत असं लेक म्हणाली.


भुसावळ जंक्शन:

ताई, हमाल नाहीत, पण ज्यांना चालायला अडचण आहे त्यांच्यासाठी रेल्वेचीच मदत असते, मोफत. मोबिलिटी सर्व्हिस म्हणून विचारा. किमान एक दिवस आधी नोंदवावी लागते, फोनने किंवा ऑनलाइन. गाडी क्रमांक, डबा, आसन सांगायचं. जावयांनी जर्मनमध्ये फोन केला तर पाच मिनिटांचं काम. विमानतळावरची चाकाची खुर्ची विमान कंपनीकडे वेगळी मागा. ती रेल्वेच्या फलाटापर्यंत येईल असं गृहीत धरू नका, तिथल्या तिथे विचारा. लांब पल्ल्याचं स्थानक टर्मिनल एकला चालत जोडलेलं आहे, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत.

गाडी मध्येच अडकली तर पहिली गोष्ट, खाली उतरायची घाई नको. टीसी, ज्याला तिकडे त्सुगबेग्लायटर म्हणतात, डब्यातून येतो. त्याला तिकीट दाखवून पुढचं विचारा. गाडी एखाद्या स्थानकात संपवली तर फलकावर लगेच नजर टाकून पुढची गाडी शोधा आणि फलाटाच्या मधोमध थांबू नका. सगळे जिन्यापाशी गोळा होतात. टोकाच्या डब्यांत बहुतेक वेळा जरा हवा असते. राखीव जागेवर कुणी बसलं असेल तर आरक्षण दाखवायचं. दुसऱ्याच गाडीत चढावं लागलं तर तुमचं आरक्षण तिथे चालत नाही, तेव्हा गुडघ्यांचं सांगून सरळ जागा मागा. अपंग आणि वृद्धांसाठी चिन्ह लावलेल्या जागाही असतात. मागायला संकोच करू नका, लोक उठतात.

तुमच्या बाझलच्या गाडीबद्दल एक. फार उशीर झालेल्या जर्मन गाड्यांना स्विस लोक पुढे आपल्या जाळ्यात घेत नाहीत, त्या बाझललाच संपवतात. स्वित्झर्लंडचं वेळापत्रक सांभाळायची त्यांची ती रीत आहे. तुम्हाला त्याने फरक पडत नाही, फ्रायबुर्ग आधी येतं. पण डब्यात अचानक घोषणा होऊन लोक कुरकुरायला लागले तर ते बहुधा त्यासाठी असेल.

पैशांचं. शेवटच्या स्थानकावर एक तास किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परत मिळतात. वादळासारख्या कारणाला मिळत नाहीत. तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा, तिकीट ऑनलाइन खात्यातून काढलेलं असेल तर तिथूनच होतो. तासाच्या वर खोळंबा झाला तर पाणी आणि खाणं मागता येतं. आणि शेवटची गाडीच गेली, रात्री पोचणंच शक्य नाही, तर हॉटेलची सोय करायची जबाबदारी रेल्वेची. स्वतःहून खर्च करण्याआधी स्थानकातल्या सर्व्हिस पॉइंटवर, म्हणजे रेल्वेच्या मदत खिडकीवर जाऊन विचारा आणि प्रत्येक पावती ठेवा.

इन्सुलिन, चणे, राजगिऱ्याच्या वड्या आणि पाणी अंगावरच्या पर्समध्ये, बॅगेत नाही. बॅग दोन डबे पलीकडे राहिली आणि गाडी तासभर उभी राहिली असं माझ्या डोळ्यांसमोर एका बाईंचं झालंय.


पाचोरेकर बाई:

मंडळी, पोचलो. चार दिवस झाले, आज लिहायला सवड मिळाली.

विमान वेळेवर उतरलं. बॅगा यायला आणि बाहेर पडायला एक तास चाळीस मिनिटं गेली, म्हणजे जुनं तिकीट असतं तर तिथेच बुडालं असतं. दोन तास बाकड्यावर बसलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, यांनी इन्सुलिन घेतलं. मदतीचा माणूस ठरल्या वेळेला आला. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा, आणि फलाट सुटण्याच्या आधी आठ मिनिटं बदलला. ॲपवर आलं, मग घोषणा झाली. "ग्लाइस" ऐकू आलं आणि मी उभी राहिले. गाडी उलटीही लागली. आम्ही समोरच्या दारातून चढलो, त्या माणसाने बॅगा आत दिल्या आणि मग आम्ही आतून सहा डबे चालत गेलो. आमच्या जागेवर एक तरुण जोडपं होतं. फोनवरचं आरक्षण दाखवलं, हसून उठले.

मॅनहाइमच्या पुढे शेतात गाडी थांबली. रुळावर कुणीतरी शिरलं होतं, पोलीस आल्याशिवाय हलता येणार नाही असं इंग्रजीत सांगितलं. पन्नास मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला होता. यांनी बाहेर बघत हळूच म्हटलं, "शिरसोली वनी," म्हणजे शिरसोली आली. मग मी पर्समधून चणे काढले, शेजारच्या आजींना दिले. त्यांनी त्यांच्या डब्यातल्या चेरी दिल्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण सुनेचं की लेकीचं बाळंतपण हे त्यांनी हातांनी विचारलं आणि मी हातांनीच सांगितलं.

कार्ल्सरुहला गाडी संपवली. सगळे उतरले. मदतीचा माणूस तिथे नव्हता, कारण तिथे उतरणं ठरलंच नव्हतं. दोन विद्यार्थ्यांनी तिन्ही बॅगा उतरवून दिल्या. पुढची आयसीई चाळीस मिनिटांनी. भाऊंचं ऐकून आम्ही फलाटाच्या टोकाला गेलो, यांना बाकड्यावर बसवलं. गाडी आली तेव्हा मधल्या डब्यांच्या दारांत रेटारेटी होती. आमच्या दाराशी आम्ही धरून सात जण. आत जागा नव्हती. मी गुडघ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "ऑपरेशन, प्लीज." एक मुलगी ताबडतोब उठली. मी उभीच राहिले, बॅगांना पाय लावून. ओफेनबुर्गला मलाही बसायला मिळालं.

एकूण एक तास पंचावन्न मिनिटं उशीर. जावयांनी त्याच रात्री अर्ज भरला, चौथा हिस्सा परत येईल म्हणाले.

केळीचं रानवाल्या दादांना सांगते, पहिल्या गाडीत आरक्षण नसतं तर यांना पन्नास मिनिटं शेतात उभं राहावं लागलं असतं. आणि धुळेकरांचंही खरं निघालं. तिसरी बॅग नको होती. परत येताना एकच मोठी आणि एक लहान.

लेक बरी आहे. बिबडे भाजून खाल्ले, गोधडी पाळण्यात घालून ठेवली आहे. परतीचं विमान सप्टेंबरात, रात्रीचं. रेल्वे मंगळवारी सकाळची काढलीय, थेट, दोन जागा राखून.